दातांच्या मापाचं साहित्य किती अचूक असतं आणि ती अचूकता कशी मोजतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांचे डॉक्टर, त्यांचे सहायक, लॅबमधले तंत्रज्ञ आणि बीडीएस-एमडीएसचे विद्यार्थी यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुंबईची हवा, मुंबईचं पाणी आणि इथली क्लिनिक ते लॅब ही धावपळ लक्षात घेऊन लिहिली आहेत.

इम्प्रेशन मटेरियल, म्हणजे तोंडात घालून दातांचा ठसा घेण्याचं साहित्य, ‘अचूक’ आहे असं म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणायचं असतं?

त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते. पहिली गोष्ट बारकावा: तासलेल्या दाताची मार्जिन (तासलेला भाग संपतो ती कड), अगदी केसासारखी रेघसुद्धा मटेरियलमध्ये उमटते का? दुसरी माप टिकणं: तोंडातून काढल्यावर तासाभराने, दिवसभराने ते किती आकसतं किंवा फुगतं? तिसरी मूळ आकारात परतणं: दाताच्या फुगीर भागावरून ओढून काढताना मटेरियल ताणलं जातं, ते पुन्हा पूर्ववत होतं की थोडं वाकडंच राहतं?

बारकावा उत्तम आणि माप चुकीचं, असं सहज होऊ शकतं. मार्जिन काचेसारखी स्वच्छ दिसते म्हणून सगळे खूश होतात, आणि तीन दातांचा ब्रिज बसवताना डोलतो. डोळ्यांना दिसतो तो बारकावा. मापातली चूक डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावीच लागते.

किती मायक्रॉनची चूक चालते?

कॅप आणि दात यांच्यातल्या फटीसाठी 120 मायक्रॉन (0.12 मिमी) ही मर्यादा आजही सांगितली जाते. ती मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांच्या 1971 च्या अभ्यासातून आली. चिकटवण्याच्या सिमेंटचा थर सुमारे 25 मायक्रॉन जाडीचा असावा अशी अपेक्षा असते. आपलं सगळं काम या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालतं. त्या जागेत एकटं इम्प्रेशन नसतं. प्लास्टर, मेण, कास्टिंग किंवा मिलिंग, प्रत्येकाची चूक त्यातच सामावायची असते.

टक्के नुसते वाचू नका, त्यांचे मिलिमीटर करून बघा. 0.2 टक्के आकुंचन 10 मिमी रुंद दाढेवर 20 मायक्रॉन होतं, एका कॅपला ते खपून जातं. तेच 0.2 टक्के एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत, म्हणजे अंदाजे 50 मिमीवर, 100 मायक्रॉन होतं. हाडात बसवलेल्या इम्प्लांटवरचा पूर्ण कमानीचा ब्रिज एवढी चूक सहन करत नाही, कारण इम्प्लांटला दातासारखा हलायला लिगामेंट (हाडाशी जोडणारे लवचीक तंतू) नसतो. म्हणून ‘हे मटेरियल चांगलं का?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

पाकिटावर ‘आयएसओ 4823’ लिहिलेलं असतं. त्यात काय तपासलेलं असतं?

रबरी म्हणजे इलास्टोमर जातीच्या मटेरियलसाठीचं हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातली मुख्य चाचणी पोलादी ठोकळ्यावर होते. ठोकळ्याच्या गुळगुळीत तोंडावर 20, 50 आणि 75 मायक्रॉन रुंदीच्या तीन समांतर रेघा कोरलेल्या असतात. त्यांना छेदणाऱ्या दोन आडव्या रेघा एकमेकींपासून 25 मिमीवर असतात. ठोकळ्यावर मटेरियल घालून तो तोंडातल्यासारख्या 35 अंशांच्या पाण्यात सेट होऊ देतात. मग नमुना काढून तिरप्या उजेडात, 4 ते 12 पट मोठा करून बघतात. रेघ त्या 25 मिमीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली तरच नमुना पास.

मटेरियल घट्टपणानुसार ओळखतात: लाइट बॉडी सर्वांत पातळ, पुटी सर्वांत घट्ट. लाइट बॉडी आणि मीडियम बॉडीला 20 मायक्रॉनची रेघ उमटवावी लागते, हेवी बॉडीला 50 ची, पुटीला 75 ची. पुटीकडून मार्जिनचा बारकावा मागायचा नसतो, तो लाइट बॉडीने द्यायचा, याचं कारण या आकड्यांतच आहे.

दोन आडव्या रेघांमधलं अंतर मोजून माप किती बदललं ते काढतात. ठोकळ्यावरचं अंतर वजा नमुन्यावरचं अंतर, भागिले ठोकळ्यावरचं अंतर, गुणिले शंभर. मानक 1.5 टक्क्यांपर्यंत सूट देतं. म्हणजे 25 मिमीला 375 मायक्रॉन! पास झालेलं मटेरियल आणि तुमच्या कामाला पुरेसं मटेरियल या दोन गोष्टींत केवढं अंतर असू शकतं, ते इथे दिसतं. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात ‘मानकानुसार’ एवढ्यावर थांबू नका, प्रत्यक्ष टक्के किती दिले आहेत ते शोधा. आकडा दिलाच नसेल तर विक्रेत्याकडे लेखी मागा.

मूळ आकारात परतण्यासाठी मटेरियलचा छोटा दंडगोल सुमारे 30 टक्के दाबून सोडतात. रबरी मटेरियलने किमान 96.5 टक्के परतायला हवं. चांगलं ॲडिशन सिलिकॉन 99 च्या वर असतं.

अल्जिनेटसाठी, म्हणजे पावडर पाण्यात कालवून करतात त्या मटेरियलसाठी, वेगळं मानक आहे, आयएसओ 21563. त्यात 50 मायक्रॉनची रेघ आणि किमान 95 टक्के परतावा एवढीच अपेक्षा आहे.

कुठलं मटेरियल किती आकसतं?

ॲडिशन सिलिकॉन, ज्याला बोलताना नुसतं ‘पीव्हीएस’ म्हणतात, सगळ्यांत कमी आकसतं: साधारण 0.05 ते 0.15 टक्के. त्याच्या रासायनिक क्रियेत बाहेर उडून जाणारा पदार्थ तयार होत नाही, म्हणून माप टिकतं. पॉलिइथर 0.2 ते 0.3 टक्क्यांच्या आसपास. कंडेन्सेशन सिलिकॉनमध्ये सेट होताना अल्कोहोल तयार होतं आणि उडून जातं, त्यामुळे आकुंचन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा जास्त होतं, आणि ते तासन्‌तास चालू राहतं. स्वस्त पुटीसोबत लाल किंवा निळ्या पेस्टची ट्यूब येत असेल, तर बहुतेक ते हेच मटेरियल असतं. ते वाईट नाही, पण अर्ध्या-एक तासात ओतायचं असतं, म्हणजे ठशात ‘स्टोन’ (डेंटल प्लास्टर) ओतून दातांचं मॉडेल करायचं असतं. कवळीसाठी वापरतात ती झिंक ऑक्साइड युजेनॉल पेस्ट जवळजवळ आकसत नाही, पण सेट झाल्यावर कडक असते, म्हणून दात असलेल्या तोंडात तिचा उपयोग नाही.

अल्जिनेटचं माप (ठसा) घेऊन ते संध्याकाळी लॅबला पाठवलं तर चालेल का?

साध्या अल्जिनेटचं नाही. मुंबईत सर्वांत जास्त मापं इथेच बिघडतात. सेट झालेल्या अल्जिनेटमध्ये जवळपास 85 टक्के पाणी असतं. हवेत ठेवलं की पाणी उडतं आणि ते आकसतं. पाण्यात बुडवलं की पाणी पिऊन फुगतं. ओलं फडकं गुंडाळून हवाबंद ठेवलं तरी जाळं आवळत जातं आणि पृष्ठभागावर घामासारखे थेंब येतात. तिन्ही प्रकारांत माप बदलतंच, फरक फक्त वेगाचा.

तोंडातून काढल्यावर 10 ते 12 मिनिटांत ओतणं हा नियम पाळा. दुपारी एकला घेतलेलं माप लॅबचा मुलगा सातला उचलतो, मग दादरहून लोकलने डोंबिवली, आणि ओतलं जातं रात्री. त्या मॉडेलवर कुणी कितीही कष्ट घेतले तरी ते त्या दाताचं माप उरलेलं नसतं. क्लिनिकमध्ये एक व्हायब्रेटर आणि स्टोनची पिशवी ठेवा आणि सहायकाला ओतायला शिकवा. ते जमत नसेल तर ‘एक्स्टेंडेड पोअर’ जातीचं अल्जिनेट घ्या. ते काही दिवस माप धरतं, पण कंपनीने सांगितल्याप्रमाणे झिपलॉक पिशवीत बंद करून ठेवलं तरच.

थोडा वेळ थांबावंच लागलं तर: वाहत्या पाण्याखाली लाळ-रक्त धुवा, पाणी झटका, कापूस किंवा टिश्यू ओला करून घट्ट पिळा, तो ट्रेच्या (ज्यात मटेरियल भरून तोंडात घालतात त्या साच्याच्या) बाजूला ठेवा, मापाच्या अंगाला लावू नका, पिशवी बंद करा आणि तासाच्या आत ओता.

मॉडेल रात्रभर अल्जिनेटमध्येच ठेवण्याची सवयही मोडा. स्टोन 45 ते 60 मिनिटांत सोडवा. अल्जिनेट वाळून कडक झालं की काढताना दातांची टोकं तुटतात आणि पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो.

अल्जिनेट पाकिटातल्या वेळेआधीच का सेट होतं?

बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाकिटावरची वेळ साधारण 23 अंशांच्या पाण्यासाठी असते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी हाताला चक्क गरम लागतं. ते वापरलं तर ट्रे तोंडात जाण्याआधीच गाठी पडायला लागतात. पाण्याची बाटली आणि साधा थर्मामीटर सिंकजवळ ठेवा, 20 ते 23 अंशांचं पाणी मोजून घ्या. इमारतीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर त्यातलं कॅल्शियमही क्रिया जलद करतं. महापालिकेचं तलावाचं पाणी त्या मानाने मऊ असतं. शंका असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा.

दुसरं कारण पावडर. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेला डबा ओल धरतो, आणि महिन्याभरात तीच पावडर कधी लवकर सेट होते, कधी चिकट राहते. डबा आधी हलवून पावडर मोकळी करा, मग स्कूप सपाट भरा. कंपनीचाच स्कूप आणि कंपनीचीच पाण्याची खूण वापरा, दोन कंपन्यांचे अदलाबदल करू नका. पाणी आधी भांड्यात, मग पावडर, आणि भांड्याच्या भिंतीवर घासून 45 सेकंद, जलद प्रकाराला 30 सेकंद.

पुटी सेट होत नाही, बोटाला चिकटते. माल खराब आहे का?

आधी हातमोजे बघा. लेटेक्सच्या हातमोज्यांतली गंधकाची संयुगं पीव्हीएसमधल्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला निकामी करतात. लेटेक्स काढून नुसत्या हाताने मळली तरी हातावर अवशेष राहतात, म्हणून आधी साबणाने धुवा. नायट्रिल किंवा व्हिनाइल हातमोजे वापरा. तासलेल्या दातालाही लेटेक्सचं बोट लावू नका, नाहीतर नेमकी मार्जिनच ओली राहील. कंपोझिट बिल्ड-अपवरचा (दाताला कंपोझिटने दिलेल्या भरावावरचा) न सेट झालेला चिकट थरही असाच त्रास देतो. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या.

पुटी-वॉश (घट्ट पुटीसोबत पातळ लाइट बॉडी) एका टप्प्यात करावं की दोन टप्प्यांत?

दोन्ही चालतं. दोन टप्प्यांत एक अट मात्र मोडून चालत नाही: लाइट बॉडीसाठी जागा ठेवायची. आधीची पुटी सेट झाल्यावर आत जागा न करता लाइट बॉडी घालून दाबलं, तर पुटी दाबाने मागे सरकते, माप बाहेर आलं की पुन्हा आत उसळी घेते आणि डाय (तासलेल्या दाताची स्टोनची प्रतिकृती) खऱ्या दातापेक्षा लहान होतो. कॅप मॉडेलवर छान आणि तोंडात घट्ट, अशी तक्रार आली की हे कारण आधी तपासा. पॉलिथिनचा स्पेसर किंवा पहिल्या टप्प्यात तात्पुरती कॅप दातावर ठेवून 1 ते 2 मिमी जागा करा, आणि जादा मटेरियल बाहेर पडायला चर काढा.

एका टप्प्यात उलटी भीती असते. पुटी लाइट बॉडीला ढकलून देते आणि मार्जिन पुटीत येते. 75 मायक्रॉनवाल्या मटेरियलमध्ये मार्जिन आली म्हणजे काय झालं, ते वर आलंच आहे.

ट्रेने खरंच एवढा फरक पडतो?

हो, आणि लोक यालाच सर्वांत कमी महत्त्व देतात. पातळ प्लास्टिकचा ट्रे कडक पुटी भरून दाबला की बाजू फाकतात. काढल्यावर त्या परत मिटतात आणि माप अरुंद होतं. चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवलेलं मटेरियल इथे मार खातं. भोकांचा स्टीलचा ट्रे किंवा 2 ते 3 मिमी जाड ॲक्रिलिक कस्टम ट्रे वापरा. ॲक्रिलिक ट्रे आदल्या दिवशी करून ठेवा, कारण ताजा ट्रे स्वतःच आकसत असतो.

ॲडहेसिव्ह (मटेरियल ट्रेला चिकटवणारा द्रव) पातळ लावा, काठांवरून बाहेर 3-4 मिमी घ्या, आणि वाळू द्या. पाच ते दहा मिनिटं, पावसाळ्यात अजून थोडा वेळ. ॲडहेसिव्ह का लागतं हे समजलं की ते टाळलं जात नाही. मटेरियल ट्रेला चिकटलेलं असेल तर ते ट्रेच्या भिंतीकडे आकसतं, दाताची पोकळी किंचित मोठी होते, डाय किंचित मोठा होतो आणि कॅप सहज बसते. चिकटलेलं नसेल तर ते स्वतःच्या मध्याकडे आकसतं, डाय लहान होतो आणि कॅप अडते.

माप काढताना काय जपायचं?

मापाच्या कडेची हवाबंद पकड (सील) आधी बोटाने सोडवा, मग दातांच्या लांब अक्षाच्या दिशेत एका झटक्यात काढा. हळूहळू डोलवत काढलं की मटेरियल जास्त वेळ ताणलेलं राहतं आणि कायमची विकृती वाढते. पॉलिइथर कडक असतं, म्हणून ब्रिजच्या पाँटिकखालची (मधल्या खोट्या दाताखालची) आणि हिरडी सरकलेल्या दातांमधली पोकळी आधी मेणाने बुजवा. नाहीतर ट्रे निघत नाही, किंवा निघताना मटेरियल फाटतं.

निर्जंतुकीकरणाने माप बिघडतं का?

पीव्हीएसचं सहसा नाही. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं बुडवून धुतलं की झालं. पॉलिइथर पाणी शोषतं, त्यामुळे दहा मिनिटांपेक्षा जास्त बुडवू नका, आणि ते अल्जिनेटच्या ओल्या मापासोबत एकाच पिशवीत कधीही पाठवू नका. अल्जिनेटला फवारा मारून दहा मिनिटं बंद पिशवीत ठेवणं जास्त सुरक्षित.

पीव्हीएस केव्हा ओतायचं?

तासभर थांबून. सेट झाल्यावर काही प्रकारांतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि लगेच ओतलेल्या डायवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. त्यानंतर आठवडाभर, बहुतेकदा दोन आठवडेही माप टिकतं आणि त्याच मापातून दुसरं मॉडेलही ओतता येतं.

तापमान मात्र विसरू नका. पीव्हीएस एका अंशाला साधारण 0.015 ते 0.02 टक्के आकसतं-पसरतं. एसी क्लिनिक 23 अंश, कुरिअरची बॅग उन्हातल्या स्कूटरच्या डिकीत 40 च्या वर, आणि लॅब बिनएसी 32 अंश. दहा अंशांचा फरक म्हणजे जवळपास 0.2 टक्के, जो मटेरियलच्या स्वतःच्या आकुंचनाहून मोठा आहे. लॅबमध्ये माप आलं की लगेच ओतू नका, पिशवी काढून तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

स्टोनमुळे माप मोठं होतं म्हणतात. मग बेरीज-वजाबाकी होऊन जुळतं का?

थोडं जुळतं, पण नशिबावर सोडण्याइतकं नाही. आयएसओ 6873 नुसार टाइप 4 डाय स्टोन सेट होताना जास्तीत जास्त 0.15 टक्के पसरतो, टाइप 3 जास्तीत जास्त 0.20, आणि टाइप 5 मुद्दाम 0.16 ते 0.30. पाणी डोळ्यांनी ओतलं की हे आकडे निरर्थक होतात. 100 ग्रॅम टाइप 4 ला साधारण 20 ते 24 मिली पाणी लागतं, नेमका आकडा पाकिटावर असतो. वजनकाटा आणि मोजपात्र वापरा. उघड्या पोत्यातला स्टोन पावसाळ्यात ओल धरतो आणि सेट होण्याची वेळ बदलते, म्हणून तो हवाबंद डब्यात ठेवा.

आमच्याच क्लिनिकची अचूकता आम्ही मोजू शकतो का?

हो, आणि कंपनीच्या आकड्यापेक्षा हा आकडा जास्त उपयोगाचा आहे, कारण त्यात तुमचा ट्रे, तुमचा सहायक, तुमची हवा सगळं येतं.

चांगल्या लेथवाल्याकडून स्टीलच्या पट्टीवर दोन निमुळते खांब करून घ्या, तासलेल्या दाताएवढे, एकमेकांपासून सुमारे 30 मिमीवर. प्रत्येकाच्या माथ्यावर बारीक फुली कोरून घ्या. हे तुमचं मास्टर. फुल्यांमधलं अंतर मेझरिंग मायक्रोस्कोपखाली एकदा नीट मोजून लिहून ठेवा. मोठ्या डेंटल कॉलेजांत असा मायक्रोस्कोप असतो.

मग नेहमीच्या पद्धतीने पाच मापं घ्या, पाच मॉडेलं ओता, चोवीस तासांनी प्रत्येकावरचं अंतर मोजा. मोजणी मॉडेलवर करा, ठशावर नाही. मऊ रबरावर कॅलिपर लावला की जबडे आत घुसतात. डिजिटल कॅलिपर 0.01 दाखवतो, पण त्याची स्वतःची चूक 0.02 मिमीच्या घरात असते, त्यामुळे त्याने 10 मायक्रॉनच्या फरकावर निष्कर्ष काढू नका. आधी एकच मॉडेल पाच वेळा मोजून बघा. त्या पाच आकड्यांत जितका फरक येईल तितकी तुमच्या मोजण्याचीच चूक.

समजा मास्टर 30.00 मिमी आहे. पहिल्या मटेरियलची मॉडेलं 30.03, 30.04, 30.03, 30.05, 30.04 आली. सरासरी 30.038, म्हणजे 38 मायक्रॉन जास्त, पण सगळी एकमेकांच्या जवळ. दुसऱ्याची 29.96, 30.05, 29.98, 30.06, 29.97. सरासरी 30.004, दिसायला जवळजवळ नेमकी, पण सर्वांत लहान आणि मोठ्या मॉडेलमध्ये 100 मायक्रॉनचं अंतर. पहिल्याचा ट्रूनेस (खऱ्या आकड्याशी जवळीक) थोडा कमी पण प्रिसिजन (आकड्यांची एकमेकांशी जवळीक) चांगलं, दुसऱ्याचं उलट. काम करायला पहिलं घ्यावं. त्याची चूक कायम एकाच बाजूची आहे, ती डाय स्पेसरने (डायवर लावायच्या पातळ थराने) सांभाळता येते. दुसऱ्याची पुढची चूक कुठल्या बाजूला जाईल हे सांगताच येत नाही. नुसती सरासरी छापून आलेला कुठलाही दावा याच कारणासाठी अपुरा आहे.

दोन स्कॅनमधला फरक रंगांत दाखवणारे स्कॅनरचे रंगीत नकाशे किती विश्वासाचे?

दोन सूचना. पहिली, सॉफ्टवेअर दोन स्कॅन एकमेकांवर ‘सर्वांत चांगले’ बसवतं, तेव्हा खरी चूक सगळीकडे थोडी थोडी वाटली जाते आणि एका टोकाचा मोठा फरक लहान दिसतो. दुसरी, सरासरी विचलनात अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. आरएमएस (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) किंवा अधिक-उणे चिन्ह सोडून नुसत्या अंतराची सरासरी मागा. तोंडातल्या स्कॅनरची अचूकता तपासण्याच्या पद्धती आयएसओ 20896-1 मध्ये, 2019 पासून, दिलेल्या आहेत. एक-दोन दातांसाठी हे स्कॅनर फार चांगले आहेत. पूर्ण कमानीत एकेक चित्र जोडत जाताना चूक साचत जाते.

कॅप बसत नाही. चूक कुठे आहे ते कसं शोधायचं?

कॅपच्या आत लाइट बॉडी भरून ती दातावर दाबा, सेट झाल्यावर काढा आणि आतला पातळ पापुद्रा उजेडाकडे धरून बघा. जिथे पापुद्र्याला भोक पडलं तिथे कॅप टेकते. भोक एकाच ठिकाणी असेल तर मापात बुडबुडा होता, त्याची डायवर गाठ आली आणि लॅबने ती न बघता तशीच ठेवली, किंवा कॅपच्या आत कास्टिंगचा कण आहे. सगळ्या बाजूंनी पातळ आणि माथ्यावर जाड असेल तर डाय लहान आला, म्हणजे ॲडहेसिव्ह आणि पुटीची उसळी तपासा. एका बाजूला पातळ, समोरच्या बाजूला जाड असेल तर ट्रे सेट होताना हलला. पापुद्रा सगळीकडे सारखा आणि तरीही कॅप उंच वाटत असेल तर शेजारच्या दाताचा संपर्क घट्ट आहे का ते फ्लॉसने आधी बघा, मगच मापाला दोष द्या. आणि तो पापुद्रा फेकू नका. पिशवीत घालून तारखेसह लॅबला पाठवा, म्हणजे पुढचं माप घेताना तुम्ही दोघंही एकाच ठिकाणी बघाल.